मेंढरं मोजायची नसतात

अंबिकाच्या कॉम्प्युटरला चित्र दाखवायला सांगितलं की त्याला धाप लागायची. आतला पंखा घरघरायचा, पडदा वरून निळा आणि खालून पांढरा व्हायचा, आणि मग सगळं गप्प. शहागंजातल्या नईमभाईंनी भंगारातून जोडून तो तिला दिला तेव्हाच बजावलं होतं, "बेटा, इसमें तस्वीरां नक्को देखो. बुजुर्ग है. खाली लिखाई करो, मरते दम तक साथ देता."

तर अंबिका खाली लिखाई, म्हणजे नुसती लिखाई, करायची. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि ओळीच्या टोकाला लुकलुकणारी एक चौकट. माउस नाही, चित्र नाही. एक शब्द टाइप करायचा, एंटर मारायचं, की बुजुर्ग उठून काम करून यायचा. बाकीच्यांना ती जादू वाटायची. अंबिकाला त्यात नवल वाटलं नाही, कारण तिचा बाप मुंजाबा आयुष्यभर कुत्र्याशी तसाच बोलत आला होता. "हुर्र" म्हटलं की कुत्रं डावीकडून मेंढरं वळवणार, "थूं" म्हटलं की बसणार. शब्द मोजके, पण चुकले तर रान मोकळं.

गुलमंडीत एका कापडदुकानाच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेलं की दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक शिवशंकर सर. कापडवाल्यांना बिलं काढायचे प्रोग्रॅम करून द्यायचे, हा धंदा. सरांची प्रत्येक गोष्ट "मी काय म्हणतो" इथून सुरू व्हायची आणि पुष्कळदा तिथंच संपायची. गिऱ्हाईक समोर बसलेलं, चहा निवलेला, सर छताकडं बघत, "मी काय म्हणतो..." आणि खालून दुकानातला नोकर ओरडायचा, "सर, काय म्हंता ते म्हना की एकदाचं, आमचं गिऱ्हाईक बी खोळंबलंय!"

अंबिका मूळची पिशोरकडची. मूळची म्हणजे काय, घर पिशोरला, पण जन्म वाटेवर. चालत्या बिऱ्हाडात, घोड्याच्या पाठीवर कोंबड्यांची डालगी आणि भांडी लादलेली असताना. तिची माय बानाबाई जाता-येता जागा दाखवायची, "हित्तं झाली बग ही, ह्या बाभळीखाली." पुढं रस्ता रुंद झाला, बाभळ गेली, तिथं पेट्रोलपंप आला. तरी बानाबाई थांबायची आणि डिझेलच्या नळीकडं बोट करायची, "हित्तं झाली." पंपावरचा माणूस घाबरून बघायचा.

मुंजाबाच्या बिऱ्हाडात सगळं ऐकू यायचं. भांडणं, ओव्या, कोकरांची बें-बें, बानाबाईचा टोमणा. एक गोष्ट मात्र कधी ऐकू यायची नाही, ती म्हणजे कळपाचा आकडा. वाटेत कुणी हटकलं, "काय मुंजाबा, किती हाईत?" की मुंजाबा कळपाकडं न बघता म्हणायचा, "हाईत मूठभर. देवाची दया." ज्यांना ठाऊक होतं ते विचारत नसत. जित्राब मोजलं की घटतं, हा कायदा. आणि गंमत अशी की मोजायची त्याला गरजच नव्हती. संध्याकाळी जाळीच्या तोंडातून मेंढरं आत शिरताना तो नुसता उभा राहायचा आणि शेवटचं शेपूट आत गेलं की म्हणायचा, "ती कानकापी कुठाय?" कानकापी खरंच मागं ओढ्यात राहिलेली असायची.

त्या साली, म्हणजे दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, ओढे नुसते नावाला उरले होते. सलग दुसरं कोरडं साल. धरणाच्या पोटातला गाळ उघडा पडला होता, आणि शहरात टँकर आला की पोलीस सोबत यायचे. शहर मात्र वाढतच होतं. पाणी नव्हतं पण प्लॉट होते. दौलताबादच्या अलीकडं जिथं पिढ्यान्‌पिढ्या कळप पाण्याला उतरायचे ते खडकतळं एका बिल्डरनं मुरूम टाकून बुजवलं, वर दोरी आखून प्लॉट पाडले आणि कमानीवर नाव लावलं, 'लेक व्ह्यू'. मेंढपाळांच्या वाटा त्यांच्या पायांत होत्या. पाय तिथंच जायचे. पाणी तिथं नसायचं.

म्हणून अंबिकानं तो प्रोग्रॅम लिहिला. कापडदुकानांची बिलं झाल्यावर, उरल्या वेळात. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आहे आणि रानात खतासाठी मेंढरं बसवून हवीत, त्यानं एका नंबरवर मेसेज टाकायचा. ज्या मेंढपाळाला पाणी हवं, त्यानंही त्याच नंबरवर टाकायचा. बुजुर्ग एकेक मेसेज घेणार, जवळच्याला जवळचा जोडणार आणि दोघांना कळवणार.

"मी काय म्हणतो," शिवशंकर सर म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी वाक्य चक्क पुरं केलं. "आकडा घे. विहिरीत असंल चार घागरी पाणी अन् तू पाठवशील फौज. शेतकरी मला शिव्या घालील."

ते खोटं नव्हतं. अंबिकाला माहीत होतं की हा प्रश्न विचारत नाहीत. पण तिनं मनाची समजूत घातली की समोर माणूस कुठंय, फोन आहे. फोनला काय डोळे असतात नजर लागायला? तिनं ओळ घातली: मेंढरं किती? आकडा आला तरच पुढं.

तरुण पोरं आकडा टाकायची. खरा कुणीच नाही. अंबिका गुपचूप दुप्पट धरायची आणि गणित बरोबर यायचं. मुंजाबा मात्र या भानगडीत पडला नव्हता. "माझ्या पायाला ठावं हाय पानी कुठं ते. तुझ्या डब्याला काय पाय हाईत?"

आणि मग एप्रिलात एका सकाळी त्याचाच फोन आला.

"आंबे, खुलताबादचा घाट उतरलोय. समोरनं आलेले पावने म्हंत्यात तळं बुजलं. खरं का?"

"व्हय आबा. प्लॉट पडलेत तिथं."

पलीकडं नुसती कोकरं ओरडत होती. मग मुंजाबा म्हणाला, "कालधरनं पाजली नाईत गं. आज दिवस मावळायच्या आत पाजली नाय, तर उद्या गाभण्या बसत्याल. बसली की उठत नसत्यात." मागून बानाबाईचा आवाज आला, "तिला म्हनावं नीट सांग, उगं इंग्रजी करू नको."

"आबा, त्या नंबरवर मेसेज टाका. मशीन सांगंल."

"तूच सांग की. पोरगी असून मशीनीला काय इचारू?"

"मला न्हाई ठावं आबा. ज्याच्याकडं पानी हाय त्यो शेतकरी मशीनीला सांगतो. तुमी कुठं हाईत ते टाका, बस."

"बरं. टाकतो अन् बंद करतो. चार्जिंग नाय. उन्हं कलली की फाट्यावर चालू करीन. फाट्यावर वाट फुटती, तवा सांग म्हनावं तिला, डावी का उजवी."

डावीकडं लेक व्ह्यू. उजवीकडं वाळूजच्या पलीकडची शेतं, कुणाच्या विहिरीला काय आहे कुणास ठाऊक. अंबिकानं फोन ठेवला आणि बुजुर्गासमोर बसली.

काळ्या पडद्यावर एकामागून एक ओळी येत होत्या. अमक्याचा मेसेज आला, तमक्याला कळवलं. आणि मग थांबल्या. चौकट लुकलुकत राहिली. तिनं वाट पाहिली. काही नाही. कन्नडकडच्या एका पोराचा फोन आला, "ताई, तुझी मशीन मेली का? कवापासून इचारतोय, थुकं बी टाकंना." मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा.

"मी काय म्हणतो," शिवशंकर सर म्हणाले, "बंद करून चालू कर."

केलं. चार ओळी पळाल्या, पुन्हा तिथंच थांबलं. लुकलुक. नईमभाईंना फोन केला. ते म्हणाले, "बेटा, पंखे पे हात रख. गरम है? नै? तो मशीन को कुछ नै हुआ. मशीन सोच में पडी है. पूछो उसको, काय का गम है."

कुणाला विचारायचं? सर बिलांच्या पलीकडं जात नसत. खिडकीतून ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं, आणि ऊन सरकतंय म्हणजे कळप फाट्याकडं सरकतोय.

तेव्हा अंबिकानं तो शब्द टाइप केला.

हा शब्द तिला काही महिन्यांपूर्वी सापडला होता. काळ्या पडद्यावरच जगभरची प्रोग्रॅमवाली माणसं जमतात अशी एक बैठक होती, नुसती अक्षरांची. तिथं पहिल्यांदा तिनं कापडवाल्यांच्या बिलांचा सगळा प्रोग्रॅम तसाच ओतला, तर लोकांनी झोडपून काढलं. "पोतं रस्त्यात का रिकामं करतेस?" असा त्याचा अर्थ. मग एकानं रीत शिकवली. फाइलचं नाव लिही, पुढं एक उभी रेघ मार, आणि रेघेच्या पुढं अमका शब्द. एंटर. तुझं लिखाण इंटरनेटवर एका जागी जाऊन बसेल आणि तुला तिथला पत्ता मिळेल. तो पत्ता आम्हाला दे.

तिनं तसं केलं. मोठा प्रोग्रॅम, तिची कित्येक आठवड्यांची मेहनत, त्या उभ्या रेघेतून पलीकडं गेली, जशी कुंपणाच्या फटीतून मेंढरं एकापाठोपाठ एक जातात. आणि बदल्यात पडद्यावर आली एकच ओळ. बोटभर लांबीचा पत्ता. तो पत्ता जगात कुणीही टाकावा, तर तिचं लिखाण त्याच्यासमोर उभं, जसंच्या तसं, मोकळ्या जागांसकट. गुलमंडीतून. या लाकडी जिन्यावरून. चित्रसुद्धा न दिसणाऱ्या या डब्यातून. तिनं तेव्हा खिडकीतून खाली बघितलं होतं. कापडवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, "रंग गेला तर माझं नाव बदला." त्याला काहीच माहीत नव्हतं.

आजही उभी रेघ मारली, एंटर केलं, पत्ता आला. तिनं तो बैठकीत ठेवला आणि आपल्या खिशात मावेल एवढ्या इंग्रजीत लिहिलं: प्रोग्रॅम थांबला आहे. का, कळत नाही. मेंढरं तहानलेली आहेत. घाई आहे.

एकानं लिहिलं, मशीन जुनं असेल. दुसऱ्यानं लिहिलं, मेंढरं म्हणजे काय, हा कुठला खेळ आहे का? अंबिकानं दात खाल्ले.

मग एक नवीनच नाव आलं. तो की ती, कळायला मार्ग नव्हता, म्हणून अंबिकानं मनात 'पाहुणा' म्हटलं. पाहुण्यानं लिहिलं, "तुझा प्रोग्रॅम मेलेला नाही. तो वाट बघतोय."

"कुणाची?"

"कुणाच्या तरी उत्तराची. त्यानं एक प्रश्न विचारलाय आणि उत्तर आल्याशिवाय तो पुढच्या मेसेजला हात लावणार नाही. तूच तसं लिहिलंयस. प्रश्नाची ओळ बघ."

आणि अंबिकाला उत्तर द्यायची संधी न देताच पुढं लिहिलं, "ही खरी मेंढरं आहेत का? तू खऱ्या मेंढपाळांना कळप किती असं विचारतेस?"

"हो."

"माझे आजोबा असते तर त्यांनीही उत्तर दिलं नसतं."

अंबिका खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली.

पाहुणा लिहीत होता. आम्ही अगदी उत्तरेला राहतो. इथं आत्ता बर्फ पडतोय. आमच्याकडं रेनडियर असतात, शिंगांचे, हरणासारखे. कुणाला किती आहेत हे आम्ही विचारत नाही. विचारलं तर म्हातारे म्हणतात, झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे असतील तेवढी असतील. विचारणारा परका समजावा.

अंबिकानं प्रोग्रॅम थांबवला आणि पोटात अडकलेला मेसेज बाहेर काढला. नंबर बघायची गरज नव्हती, तरी बघितला. आबांचा. एका बोटानं टाइप केलेला, चौथीपर्यंतच्या शाळेतला: खुलताबाद घाटाखाली हाय. मेंढरं हाईत देवाची दया. पानी सांग.

त्यावर बुजुर्गानं विचारलं होतं: मेंढरं किती? आणि मुंजाबानं फोन बंद केला होता. तिच्या बापानं, ज्याच्या घरात हा प्रश्न कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता, त्याला तो त्याच्या पोरीनं विचारला होता. फटीत एक मेंढी अडून उभी राहिली की मागं सगळा कळप खोळंबतो, तसं झालं होतं. कन्नडची पोरं, वैजापूरची पोरं, सगळी आबांच्या मागं उभी होती. आणि आबा हलणार नव्हते. ते बरोबरच होतं.

पडद्यावर पाहुण्याचा पत्ता आला. बोटभर. तिनं तो उघडला, तर तिचाच प्रोग्रॅम परत आला होता, धुऊन-पुसून. उत्तर आलं नाही तर थांबू नको, पुढच्याकडं जा, एवढी दुरुस्ती. आणि जिथं 'मेंढरं किती' होतं तिथं मोकळी जागा सोडून पाहुण्यानं लिहिलं होतं: इथं दुसरा प्रश्न घाल. तुमच्याकडं काय विचारलेलं चालतं ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

अंबिका डोळे मिटून बसली. शिवशंकर सर म्हणाले, "मी काय म्हणतो..." आणि तिच्या तोंडाकडं बघून गप्प झाले.

काय विचारलेलं चालतं? वाटेवर दोन बिऱ्हाडं भेटली की काय बोलतात? कोकरं कशी हाईत. घोडा नवा का. अन् रात्रीला... रात्रीला जाळ्या किती लावता? जाळ्या! रात्री मेंढरं कोंडायच्या जाळ्या. त्या सगळे उघड सांगतात, उलट फुशारकीनं सांगतात. जाळीत किती मावतात ते प्रत्येकाला ठाऊक, पण ते कुणी बोलत नाही. आकडा तोंडातून निघत नाही आणि विहिरीचा हिशेबही होतो.

तिनं ओळ घातली: रात्री जाळ्या किती लावता? एंटर.

आधी क्षणभर काहीच नाही. मग पडदा हलला. एक ओळ, दुसरी, आणि मग धो-धो, फट मोकळी झाल्यावर कळप सुटावा तसे मेसेज. सर खुर्ची सोडून मागं येऊन उभे राहिले. त्या ओळींत एक होती वाळूजच्या पलीकडची: विहिरीला पाणी हाय. कापूस निघाला, रान मोकळं. मेंढरं बसवा, बाजरी देऊ. लीलाबाई. सकाळपासून ती आबांच्याच मागं उभी होती.

आबांना नवा प्रश्न गेलाच, पण त्यांच्या जाळ्या अंबिकाला ठाऊक होत्या; त्या तिनं स्वतः भरल्या आणि बुजुर्गानं दोघांना जोडलं. आबांना मेसेज गेला: फाट्यावरून उजवीकडं, लीलाबाईचं रान. आता फोन चालू व्हायचा होता तेवढा.

ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं. फरशीवरून भिंतीवर चढलं, तांबूस झालं. खाली कापडवाल्यानं पहिला दिवा लावला. अंबिकानं नखं खाल्ली. सरांनी तिच्यासाठी स्वतः चहा आणला, हे त्यांच्या हातून पहिल्यांदाच घडत होतं, आणि तो त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

मग एक ओळ आली. मुंजाबा: चार जाळ्या.

आणि बऱ्याच वेळानं, जेव्हा सरसुद्धा घरी जायला उठेनात, तेव्हा दुसरी: प्याली सारी. कानकापी बी.

अंबिकानं ती ओळ एका फाइलीत उतरवली, खाली आपल्या इंग्रजीत अर्थ लिहिला, उभी रेघ मारली, आणि पत्ता पाहुण्याला दिला. पलीकडून उत्तर आलं, "बरं वाटलं." किती, ते विचारलं नाही.

आठ-दहा दिवसांनी मुंजाबा आणि बानाबाई ऑफिसात आले. काठी जिन्याखाली ठेवली, कुत्रं कापडदुकानाच्या पायरीवर बसवलं. नोकर म्हणाला, "आता आमचं गिऱ्हाईक वर येतंय व्हय!" मुंजाबा वहाणा काढून आत आला आणि काळ्या पडद्यासमोर उकिडवा बसला.

"ह्योच का त्यो? ज्यानं मला 'किती' म्हून इचारलं?"

"ह्योच. आता न्हाई इचारत."

"त्यो पावना कुठाय?"

पाहुणा होता. बैठकीत नाव दिसत होतं. मुंजाबा पडद्याच्या मागं डोकावून आला. मग हळू आवाजात म्हणाला, "तिकडं बी मोजत न्हाईत म्हनं?"

"न्हाई."

"खरं का?" तो बानाबाईकडं वळला. "तिकडं बी मोजत न्हाईत गं." जणू इतकी वर्षं त्याला कुणी एकटं पाडलं होतं आणि आज सोबत मिळाली होती.

"दिसतंय कसं ते जित्राब?" बानाबाईनं विचारलं.

चित्र दाखवता येणार नव्हतं. अंबिकानं सांगितलं, हरणाएवढं, शिंगं बाभळीच्या फांद्यांसारखी. बानाबाईनं दोन्ही हात डोक्याला लावून बोटं फाकवून पाहिली आणि हसली.

"इचार त्याला," मुंजाबा म्हणाला, "पानी कुठं पाजतो?"

अंबिकानं विचारलं. उत्तर यायला वेळ लागला नाही. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, मग सांगितलं, "आबा, हिवाळ्यात पाजावं लागत न्हाई. ती बर्फ खात्यात."

"बर्फ म्हंजी?"

"गोठलेलं पानी. रानभर पडलेलं असतं."

मुंजाबानं डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. खालून टँकरचा हॉर्न आला, त्यामागून बायकांचा गलका, त्यामागून पोलिसाची शिट्टी. तो ते ऐकत राहिला.

"पानी. रानभर पडलेलं."

"व्हय आबा."

"अन् राखन करायला कुनीच न्हाई?"